चार नंबरचा कान

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला एकच कान आहे. डोळे नाहीत, पाय नाहीत. तोंड आहे म्हणावं तर तेही माझं नाही; दुसऱ्यानं बोललेलं पुढे ढकलायचं, एवढंच त्याचं काम. मी एक जुना हेडसेट आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करणाऱ्या बायका डोक्यावर चढवायच्या, तो. पोलादाची एक पट्टी, तिच्या एका टोकाला कानावर बसणारी काळी वाटी आणि तोंडासमोर येणारा छोटा कर्णा. सध्या माझा मुक्काम स्वयंपाकघरात, खिडकीशेजारच्या खिळ्यावर आहे. शेजारी चहाची गाळणी असते. ती दिवसातून चार वेळा कामाला जाते आणि परत आली की माझ्या अंगावर पाणी ठिबकवते. मी काही बोलत नाही. कामावर जाणाऱ्यांनी घरी बसलेल्यांवर थोडं ठिबकायचंच, अशी जगाची रीत आहे.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. पट्टी वाकवणारा वेगळा, वाटी बसवणारा वेगळा. सगळ्यात शेवटी एक तपासणारी बाई होती. तिनं मला डोक्याला लावलं आणि म्हणाली, "एक, दोन, तीन. ऐकू येतंय का?" माझ्या आयुष्यातलं पहिलंच वाक्य प्रश्नाचं निघालं. तेव्हापासून माझा जीव कधी थाऱ्यावर नाही. कुणीतरी पलीकडून विचारतंय आणि आपण उत्तर द्यायला हवं, असं मला सारखं वाटत राहतं.

पुढे मी एक्स्चेंजमध्ये रुजू झालो. तिथं नऊ खुर्च्या ओळीनं मांडलेल्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीला नंबर होता. खुर्चीचा नंबर तोच माणसाचा नंबर. नावं घ्यायची नाहीत, असा नियमच होता. मी ज्या बाईच्या डोक्यावर बसलो तिला सगळे चार नंबर म्हणत. मी तिला नुसतं बाई म्हणतो.

आमचं काम कसं चालायचं ते सांगतो, कारण तुम्ही ते पाहिलेलं नसणार. बाईसमोर भोकाभोकांचा एक उंच फळा असायचा. गावात कुणी फोन उचलला की फळ्यावर बारीक दिवा पेटायचा. बाई त्या दिव्याखालच्या भोकात दोरीचा प्लग खुपसायची आणि विचारायची, "कोणता नंबर?" तो नंबर ती मोठ्यानं परत म्हणून दाखवायची, दोरीचं दुसरं टोक हव्या त्या भोकात घालायची, की दोन माणसं बोलायला लागायची. गाव दूरचं असेल आणि थेट लाइन नसेल, तर मधल्या एक्स्चेंजला विचारायचं, तिथून पुढच्याला, मग त्याच्या पुढच्याला. अशा हातोहात पोचवत बाईनं माणसं कुठल्या कुठे जोडून दिली.

नियम दोन होते. पेटलेला एकही दिवा तसाच ठेवून खुर्चीवरून उठायचं नाही, हा पहिला. दोघांच्या बोलण्यात पडायचं नाही, हा दुसरा. आमच्या सुपरवायझर बाई खुर्च्यांमागून बुटांचा टक टक आवाज करत फिरायच्या आणि म्हणायच्या, "कान द्यायचा, मन द्यायचं नाही." बाईनं दोन्ही नियम असे पाळले, की ते तिच्या हाडांत जाऊन बसले. त्याचा ताप पुढे काय झाला ते येईलच.

रोज सकाळी सहाला लाइनची चाचणी असायची. डोंगरापलीकडच्या एका गावातल्या एक्स्चेंजमध्ये सात नंबरच्या खुर्चीवर एक बाई बसायची. आवाज नीट येतो की नाही हे कळायला दोघींनी एकेक वाक्य बोलायचं. सगळे आकडे मोजायचे. सातला आकड्यांचा कंटाळा होता. एके दिवशी ती म्हणाली, "माझ्या खिडकीत पाण्याची टाकी आहे. टाकीवर रोज तीन कावळे असतात. आज टाकीवर दोन, तिसरा रजेवर. लाइन साफ?"

बाई खुदकन हसली. मागून बुटांचा आवाज थांबला. "साफ," बाई घाईघाईनं म्हणाली.

मग रोजचंच झालं. सात म्हणायची, "टाकीवर दोन, तिसरा रजेवर." बाई तिच्या खिडकीतलं सांगायची, "समोरच्या गच्चीवर निळी चादर वाळतेय, एक टोक सुटलंय." एक ओळ इकडून, एक तिकडून. तेवढीच मुभा होती. पण एका ओळीत किती मावतं म्हणून सांगू! सातचा आवाज जरा लांबवलेला असायचा, आणि वाक्यातला शेवटचा शब्द ती अशी हळूच खाली ठेवायची, जसा अंधारात खालच्या पायरीवर पाय ठेवावा. बाईची आई गेली, त्यानंतर पहिल्यांदा कामावर आली तेव्हा बाई इतकंच म्हणाली, "आज खिडकी बंद आहे." मग सात म्हणाली, "बरं. मग आज मी दोन ओळी सांगते."

असं एकोणीस वर्षं चाललं. या एकोणीस वर्षांत बाईनं तिचं नाव विचारलं नाही. नियम होता हे खरं. पण "उद्या विचारू" हेही खरं. उद्या म्हणजे काय, तो तर येणारच आहे, असं तिला वाटायचं. मलाही वाटायचं.

एका सकाळी सहा वाजता बाईनं प्लग घातला आणि म्हणाली, "सात?" काही नाही. "सात, चार बोलतेय." नुसती रिकाम्या लाइनची घरघर. डोंगरापलीकडे आपोआप नंबर जोडणारी यंत्रं आमच्या आधी बसली होती आणि तिथल्या खुर्च्या आदल्याच दिवशी उचलल्या होत्या. कुणाला कळवायचं राहून गेलं. त्या दिवशी बाईनं अकरा वेळा प्लग घातला. मी मोजलं.

दोन महिन्यांनी आमच्या खुर्च्याही गेल्या. आमचा ढीग भंगारात जायचा होता. बाई सुपरवायझर बाईंसमोर जाऊन उभी राहिली, पण तिला मागता येईना. सुपरवायझर बाईंनी रजिस्टर उघडलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाल्या, "चार नंबरचा हेडसेट, हरवला." मग लेखणीची कुरकुर न थांबवताच पुढे म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? हरवलेली वस्तू इथे सापडली तर मला उत्तर द्यावं लागेल. जा घरी." आयुष्यभरात त्यांनी केलेली तेवढीच एक लबाडी असावी.

घरी आल्यावर मी पेटीत पडलो. लोकरीचे कपडे, डांबराच्या गोळ्या आणि मी. किती वर्षं गेली कुणास ठाऊक. तिथं आवाजच नव्हता, आणि आवाज नसला की माझं वय थांबतं. पण चुळबुळ थांबली नाही. पेटीचं झाकण उघडलं की वाटायचं, सहा वाजले! निघायची लोकरीची टोपी.

शेवटी बाईच्या सुनेनं मला बाहेर काढलं. ही सूनबाई दातांच्या दवाखान्यात पेशंटना आत सोडायचं काम करते. जीभ तिखट, हात मायाळू. तिनंच मला या खिळ्यावर टांगलं. पाहुणे यायचे, म्हणायचे, "अय्या, काय छान शोभेची वस्तू!" शोभेची! एकोणीस वर्षं गावाचा संसार ज्यानं कानावर घेतला, तो शोभेचा.

बाई आता दिवसभर घरात एकटी असायची. मुलगा आणि सून कामावर. सकाळी सहाला उठून ती खिडकीशी यायची आणि हलक्या आवाजात म्हणायची, "समोर एक सायकल. घंटी वाजवत गेली." मग थांबायची. उत्तर यावं तसं थांबायची. मीही थांबायचो.

एका सकाळी सूनबाईनं ते ऐकलं. "आई, तुम्ही रोज खिडकीशी बोलता. माणसांशी बोला की."

"मला एकच माणूस हवंय," बाई म्हणाली. "सात नंबर. नाव माहीत नाही. तिच्या ऑफिसला पत्र टाकलं होतं, ते परत आलं."

"नाव नाही, चेहरा नाही. मग शोधायचं काय, आवाज?"

"हो, आवाज."

"बघा हं, माझ्या फोनवर एक ॲप आहे. लोक त्यात रोज छोट्या छोट्या ओळी लिहितात. कुणाचं आवडलं तर त्याला फॉलो करायचं, की त्याच्या ओळी आपल्याला रोज दिसतात. पण तिथे आवाज नसतो, आई. सगळं लिहिलेलं असतं."

"एकेक ओळच लिहितात?" बाईच्या श्वासाची लय बदलली. "मग ती तिथे असेलच."

झालं, बाईच्या फोनवर खातं उघडलं गेलं. नाव काय टाकायचं विचारल्यावर बाई म्हणाली, चार नंबर. फोटो कुणाचा? बाईला स्वतःचा फोटो आवडत नाही, म्हणून माझा लावला. पेटीतून थेट जगासमोर! गाळणी त्या दिवशी जास्तच ठिबकली.

आता चूक कशी झाली ते ऐका. ॲपनं बाईसमोर नावांची यादी धरली. याला फॉलो करणार? हिला करणार? सूनबाई कामावर गेलेली. बाई प्रत्येकाला हो म्हणत सुटली. समोरून आलेला कॉल नाकारायची सवयच नव्हती तिला. नट, पुढारी, खेळाडू, वजन घटवून देणारे, भविष्य सांगणारे. दुपारपर्यंत तीनशे बारा माणसं झाली.

आणि मग सुरू झालं टिंग. टिंग, टिंग, टिंग. बाईला वाटलं, हे दिवेच. पेटलेला दिवा ठेवून उठायचं नाही! ती प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायची, नंबर परत म्हणून दाखवायच्या जुन्या सवयीनं, आणि वाचली याची खूण म्हणून प्रत्येकीखालचं 'आवडलं'चं चिन्ह, लाल बदाम, दाबायची. "आज मी पालेभाजी खाल्ली." बदाम. "विरोधकांना लाज वाटली पाहिजे." बदाम. "मूर्खा, तुला काय कळतं?" बदाम. खालून उत्तर आलं, "मूर्ख कुणाला म्हणतोस?" त्यालाही बदाम. एक वाचून होईतो वीस नव्या. दूध उतू गेलं. नळ वाहत राहिला. बाई उभ्याउभ्या जेवली. तीन दिवस घरात शांत क्षण म्हणून आला नाही, आणि मी खिळ्यावर नुसता थरथरत होतो. नऊ खुर्च्यांचं काम एकटीच्या अंगावर पडलं होतं.

चौथ्या दिवशी सूनबाईनं बाईच्या हातातून फोन काढून घेतला. "आई, हे काय चाललंय? डोळे बघा कसे झालेत."

"दिवे विझतच नाहीत गं," बाई रडवेली झाली होती.

"कसले दिवे?" बाईनं सांगितलं. सूनबाई हसली नाही, याचं मला फार बरं वाटलं. ती खुर्ची ओढून बसली. "आई, माझ्या दवाखान्यात बाकावर पंधरा जण विव्हळत असतात. सगळ्यांचे दात मी उपटते का? ज्याची पाळी त्याला आत सोडते, बाकीच्यांना बसू देते. इथले दिवे तुमच्यासाठी पेटलेलेच नाहीत. लोक रस्त्यानं बोलत चाललेत. ऐकू येईल तेवढं ऐका, बाकीचं जाऊ द्या."

"जाऊ द्यायचं?"

"जाऊ द्यायचं. कुणी पोलीस येत नाही."

मग दोघी यादी घेऊन बसल्या. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं? कसोटी बाईनंच काढली. "याचं वाचून याच्या खिडकीतलं काही दिसतं का?" सूनबाई नाव वाचायची, बाई दोन ओळी ऐकायची. "दिसत नाही." काढा. "ओरडतोय नुसता." काढा. "हा पुढारी?" "ह्याच्याकडे खिडकीच नाही, आरसा आहे." सूनबाई खो खो हसली. दिवेलागणीपर्यंत तीनशे बारामधला एक उरला. एक बेकरीवाला. तो पहाटे लिहायचा, "आज पीठ रुसलंय, फुगायलाच तयार नाही."

एकच माणूस, पण बाईचा आवाज ताळ्यावर आला. आणि मग, मित्रांनो, तिला तिचं जुनं काम आठवलं. थेट लाइन नसेल तर मधल्या एक्स्चेंजला विचारायचं! बेकरीवाला कुणाशी बोलतो, ते तिनं पाहिलं. एका घड्याळजीशी. मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ दुरुस्त करायला चढलो की काय काय दिसतं ते तो लिहायचा. त्याला फॉलो केलं. घड्याळजी कुणाचं वाचतो? एका बस ड्रायव्हरचं, एका नर्सचं. असं हातोहात पुढे. सगळ्याच लाइन लागत नव्हत्या. एक खातं सहा वर्षं मुकं होतं. एकानं बाईला विचारलं, "कोण हो आजीबाई? जा, झोपा." बाईनं प्लग काढला, म्हणजे त्याला बंद करून टाकलं. तीन आठवडे गेले. सातचा पत्ता नाही. सकाळी सहा ते सात ती शोधायची, आणि मी खिळ्यावर कान टवकारून लटकायचो.

"नुसतं वाचताय," सूनबाई डबा भरता भरता म्हणाली. "तीही तुम्हाला शोधत असली तर? तिला तुम्ही सापडणार कशा?"

हे बाईला लागलं. दुसऱ्या दिवसापासून सहाच्या ठोक्याला ती एक ओळ लिहू लागली. "चाचणी. समोरच्या गच्चीवर लाल बादली, उपडी." नऊ दिवस कुणीही काही बोललं नाही. दहाव्या दिवशी बेकरीवाल्याचा एक बदाम आला. बाईनं तो सूनबाईला दोनदा दाखवला.

नर्सच्या ओळखीत पक्षी मोजणाऱ्या एक मास्तरीणबाई निघाल्या. त्यांनी एका सकाळी विचारलं होतं, "तुमच्या भागात कावळे कमी झालेत का?" खाली उत्तरांची रांग. बाई एकेक मोठ्यानं वाचत होती. "आमच्याकडे भरपूर." "आमच्याकडे फक्त कबुतरं." "टाकीवर दोन, तिसरा..."

बाई थांबली. मागे नळ वाहत होता, तो कुणी बंद केला नाही.

"काय झालं, आई?"

"रजेवर," बाई म्हणाली.

आता तुम्हाला वाटेल, बाईनं लगेच लिहिलं असेल. छे! दुसरा नियम आडवा आला. दोघांच्या बोलण्यात पडायचं नाही. मास्तरीणबाई आणि ती बोलताहेत, आपण मध्ये कसं बोलायचं? एक दिवस गेला. दोन दिवस गेले. बाई खोल्यांतून येरझारा घालायची, फोन उचलायची, ठेवायची. माझा तर जीव वाटीत मावेना. अगं बाई, बोल ना! एकोणीस वर्षं तुझं तोंड झालो, आज एकदा मला माझं तोंड असतं तर!

तिसऱ्या दिवशी सूनबाईचा धीर सुटला. "अहो आई, लिहा! सुपरवायझर बाई कधीच्या घरी गेल्या."

"माझ्यात आहेत त्या अजून."

"मग त्यांना सांगा, एक वस्तू हरवली होती ती सापडली म्हणून. द्या, मी लिहिते."

"हात लावशील तर बघ!" बाई फोन घेऊन मागे सरकली. आणि चौथ्या दिवशी सकाळी सहाला तिनं लिहिलं, लिहिता लिहिता नेहमीसारखं मोठ्यानं म्हणाली, "सात, चार बोलतेय. लाइन साफ?"

त्या दिवशी काही आलं नाही. दुपार गेली, संध्याकाळ गेली. बाईचं कशात मन लागेना. सूनबाई सारखी म्हणत होती, "येईल हो." दुसरी सकाळ झाली. पावणेसहाला बाई आली आणि तिनं मला खिळ्यावरून काढलं. मऊ फडक्यानं पुसलं. वाटी, पट्टी, कर्णा. आणि मला डोक्यावर चढवलं. माझी दोरी कशालाच जोडलेली नव्हती, लोंबत होती. तरी मी तिच्या कानावर बसलो, अगदी बरोबर त्या जागी, जिथं तिच्या केसांना माझ्यामुळे कायमची खाच पडली होती.

सहाला टिंग झालं.

"चार, साफ आहे," बाई वाचू लागली. "किती उशीर केलास गं. तुझी निळी चादर वाळली का?"

बाई हसत होती की रडत होती, ते एका कानानं कळत नाही. "तिसरा अजून रजेवर?" तिनं लिहिलं. "बिनपगारी," उत्तर आलं. मग बाईनं घाईघाईनं लिहिलं, "फोन नंबर दे. आवाज ऐकायचाय." सूनबाईनं खाजगी बोलायचा कोपरा उघडून दिला होता. आम्ही वाट पाहू लागलो. मी तर तयारच होतो. तो लांबवलेला आवाज, ती खालची पायरी. त्याच्यासाठीच पेटीतली सगळी वर्षं काढली होती.

उत्तर आलं. बाईनं वाचलं. "फोन नको, चार. दोन्ही कान गेले माझे. आठ वर्षं झाली. म्हणून तर इथे येऊन बसले. इथे कुणाला माझ्यासाठी ओरडावं लागत नाही. तू लिही. मला साफ ऐकू येतं."

बाईनं मला हळूच डोक्यावरून काढलं आणि ओट्यावर ठेवलं. खरं सांगतो मित्रांनो, मला भंगारात गेल्यासारखं झालं. तो आवाज आता कधीच नाही. ज्या कानासाठी तो होता, तो कानच बंद झाला, आणि मी नुसता कानच की हो!

पण बाई ती ओळ पुन्हा वाचू लागली. सूनबाईसाठी नाही, कुणासाठीच नाही, स्वतःशी. "तू लिही. मला साफ ऐकू येतं." जरा लांबवून वाचलं तिनं, आणि शेवटचा शब्द हळूच खाली ठेवला, जसा अंधारात खालच्या पायरीवर पाय ठेवावा. बाईला ते कळलं नाही. तिच्या घशात कुणाचा आवाज जपून राहिला होता, हे तिला आजही माहीत नाही. मला कळलं. एका कानाला तेवढं पुरतं.

मग बाईनं लिहिलं, "आधी नाव सांग." नाव आलं. बाईनं ते एकदाच वाचलं, अगदी हळू. मी ऐकलं आहे. तुम्हाला सांगणार नाही. लाइनवरचं बाहेर बोलायचं नसतं.

आता रोज सकाळी सहाला बाई सातची ओळ मोठ्यानं वाचते आणि मी खिळ्यावरून ऐकतो. बाई आता सत्तावीस जणांना फॉलो करते. सगळ्यांकडे खिडक्या आहेत. बाकीचे दिवे पेटतात, विझतात, ती चहा पीत राहते. मी मात्र अजून पावणेसहापासूनच चुळबुळतो. जन्माची खोड, ती काय आता जाणार?

तुमच्या घरातही माझ्यासारखं जुनं काहीतरी खिळ्यावर असेल. त्याला कधीतरी पुसा, ते नाही म्हणणार नाही. पण त्याआधी एक करा. रोज तुम्हाला एखादी ओळ सांगणारं कुणीतरी असेलच. जिन्यात भेटणारं, खिडकीतून हात करणारं, नाहीतर फोनमध्ये सकाळी दोन शब्द लिहिणारं. त्याचं नाव विचारून ठेवा. आजच विचारा.

आमची एकोणीस वर्षं "उद्या विचारू" म्हणण्यात गेली.

चला, सूनबाईचं घड्याळ वाजलं. पावणेसहा.